झोपेसाठी मिस्सा



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. रविवारची मिस्सा आटोपली होती आणि नेहमीप्रमाणे मी चर्चच्या दारात उभा होतो. सगळे गेल्यावर आपल्यातल्याच एक मावशी मागे थांबल्या. त्यांना मिस्सासाठी हेतू द्यायचा होता. आजारपण, परीक्षा, मुलाचे लग्न, सोयाबीनचा भाव, मृतात्म्यांना चिरशांती, असे हेतू माझ्या वहीत नेहमीच लिहिले जातात. मावशी म्हणाल्या, "फादर, पोरीले झोप नाही लागत. डोक्यावरून इमानं जातात म्हन्ते. तिच्या झोपेसाठी मिस्सा ठेवता येते काय?"

मला हसू आले. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांची मुलगी नर्स आहे, मुंबईच्या एका खासगी रुग्णालयात. बहुतेक वेळा रात्रपाळी. राहते कुर्ल्याजवळ जरीमरीला, आणखी दोघींबरोबर भाड्याच्या खोलीत. तिथून विमानतळाची भिंत चालत पाच मिनिटांवर आहे. सकाळी नऊला ती आडवी होते आणि दुपारी तीनला उठते. त्या सहा तासांत झोप म्हणावी अशी तास-दीड तासच होते. दोन वर्षे अशीच गेली. आता तिला नोकरी सोडून परत यायचे आहे, आणि घरचे कर्ज तर अजून फिटलेले नाही.

मी वहीत लिहिले, 'झोपेसाठी'. पण लिहिताना हात थबकला. पाऊस देवाकडे मागावा, कारण तो माणसाच्या हातात नाही. या मुलीची झोप मात्र कुणीतरी रोज घेऊन जात होते, वेळापत्रकाप्रमाणे, तिकीट काढून. अशी झोप देवाकडे मागायची, की जे घेऊन जातात त्यांच्याकडे? आणि ते तरी नेमके कोण?

आपल्या वरवट बकालच्या आभाळात विमान म्हणजे एक पांढरी रेघ. कपाशीत निंदणारी बाई क्षणभर वर पाहते, पोरे बोट दाखवतात, आणि आवाज येतो तोवर विमान पुढे निघून गेलेले असते. दहा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या वस्तूशी आपले काही देणेघेणे नाही असे आपल्याला वाटते. मलाही वाटत होते.

पुढे हिवाळ्यात धर्मगुरूंच्या एका कार्यक्रमासाठी मला मुंबईला जावे लागले. शेगावहून रात्रीची गाडी धरली, कार्यक्रम आटोपला आणि परतीच्या दिवशी सकाळी मी जरीमरी गाठली. मुलगी नुकतीच ड्यूटीवरून आली होती. वर पत्रा, एक खिडकी, खिडकीला ओला टॉवेल. चहा ठेवता ठेवता ती रुग्णालयातले काहीतरी सांगत होती आणि अर्ध्या वाक्यात थांबली. हातातला चमचाही थांबला. मग भांडी थरथरली, आवाज आला, माझ्या छातीत शिरला आणि गेला. तिने वाक्य जिथे सोडले होते तिथूनच पुढे सुरू केले. तिच्या मैत्रिणीही तशाच थांबत होत्या आणि तशाच पुन्हा सुरू होत होत्या. आपण थांबतो हे त्यांच्या लक्षातही येत नव्हते. मी मोबाइलवर आवाज मोजायचे एक ॲप उतरवून घेतले होते. आकडा नाचला, पण मोबाइलच्या माइकचा भरवसा नाही, म्हणून तो इथे देत नाही. शिवाय पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने दुसऱ्याच्या घरात बसून यंत्र काढावे, याची मला जरा लाजच वाटली.

परत आल्यावर मात्र हा विषय डोक्यातून जाईना. आवाज मोजतात तरी कसा, हे मी वाचायला घेतले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना गणिताशी सोडलेली ओळख अशी पुन्हा काढावी लागली.

डेसिबल हे माप टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलच्या नावावरून आले. त्याची चाल साध्या मोजपट्टीसारखी नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. ३ डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट. विमानाचा आवाज सतत नसतो. तो येतो, चढतो, उतरतो, मग शांतता, मग पुढचे विमान. म्हणून तज्ज्ञ असे करतात की तासाभरातली किंवा दिवसभरातली सगळी ध्वनिऊर्जा एकत्र करायची आणि ती त्या पूर्ण वेळावर सारखी पसरायची. जो आकडा येतो तो त्या जागेचा आवाज. आपल्या सरकारी नियमांतही हेच माप आहे.

आता एक हिशेब करून पाहू. समजा एका तासात एकच विमान गेले. दहा सेकंद ९० डेसिबलचा आवाज झाला, म्हणजे शेजारून मालट्रक गरजत जावा तसा. उरलेला तास शांत, ४५ डेसिबल. साधी सरासरी काढली तर ४५ च्या किंचित वर येते, म्हणजे विमान गेलेच नाही असे वाटावे. ऊर्जेची सरासरी काढली तर येते ६४ च्या थोडे वर. ही पद्धत साध्या सरासरीपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे, हे कबूल केले पाहिजे. ती मोठ्या आवाजाला मोठे वजन देते. तरीही ६४ डेसिबल त्या खोलीत कुणी ऐकले? शांततेच्या मिनिटांतही नाही आणि विमानाच्या सेकंदांतही नाही. झोपलेली मुलगी दचकून उठते ती ९० ला. ६४ हा आकडा कागदावर राहतो.

आता नियम पाहा. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी मर्यादा आहे दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. मग जून २०१८ मध्ये विमानतळाभोवतीच्या क्षेत्रासाठी वेगळी अधिसूचना निघाली. वर्षाला पन्नास हजारांहून जास्त विमाने येतात-जातात अशा विमानतळांसाठी दिवसा ७० आणि रात्री ६५. मुंबईत डिसेंबर २०१८ मध्ये एकाच दिवसात हजारांवर विमाने चढली-उतरली, म्हणजे सरासरी दीड मिनिटाला एक. (सरासरीवर टीका करता करता मीही सरासरीच वापरली, तिच्याशिवाय चालतही नाही.)

रात्रीच्या ४५ आणि ६५ मध्ये फरक वीसाचा दिसतो. ऊर्जेत तो शंभरपट आहे. शरीर तेच, झोप तीच, फक्त घर भिंतीच्या जवळ.

हे वाचताना मला आपला खारपाणपट्टा आठवला. आपल्या संग्रामपूर तालुक्यातल्या माणसाला पाण्याचे माप समजावून सांगावे लागत नाही. किडनीच्या आजाराने गेलेल्या किती माणसांच्या अंत्यविधीला आपण उभे राहिलो आहोत. पिण्याच्या पाण्यातल्या क्षारांसाठी भारतीय मानकात दोन आकडे दिले आहेत. लिटरला ५०० मिलिग्रॅम ही योग्य मर्यादा. आणि दुसरा कुठला स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालेल. हा दुसरा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो होतो. दुसरा स्रोत नसलेल्या माणसाची किडनी चौपट मजबूत असते काय? नसते. ज्याने तो आकडा लिहिला तोही हे जाणून होता. त्याला एवढेच म्हणायचे असेल की पाणीच न मिळण्यापेक्षा हे बरे. पण कागदावर छापले गेले की 'नाइलाज' हा शब्द हळूच 'मान्य' होतो. विमानतळाजवळच्या ७० आणि ६५ चे मला असेच वाटते. तिथे आवाज कमी करणे अवघड, म्हणून मर्यादा वर.

अशा मर्यादा ठरतात कशा? यंत्राने ठरत नाहीत, माणसांना विचारून ठरतात. १९५० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कला पहिली प्रवासी जेट विमाने येणार होती. विमान कंपन्यांचे म्हणणे असे की जेटचा आवाज जुन्या पंख्याच्या विमानाएवढाच आहे, यंत्र लावून बघा. कार्ल क्रायटर नावाच्या शास्त्रज्ञाने यंत्राऐवजी माणसे बसवली आणि त्यांना दोन्ही आवाज ऐकवले. यंत्र सारखे म्हणत होते, पण माणसांना जेटची किंकाळी जास्त बोचत होती. मग त्याने मापच नवे केले, माणसाला वाटणाऱ्या त्रासाचे, आणि न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी त्या मापात ११२ ची मर्यादा घातली. मला ही गोष्ट फार आवडते. यंत्र आणि माणूस यांचे पटेना तेव्हा यंत्राला दुरुस्त केले गेले. असे क्वचित घडते.

पुढे १९७८ मध्ये थिओडोर शुल्ट्झ याने अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून एक आलेख काढला. अमुक आवाजाला शंभरातली किती माणसे फार त्रासतात, याचा. अमेरिकेने त्या विचाराच्या आधारावर ६५ ही रेघ धरली. सुधारलेल्या आलेखाप्रमाणे ६५ ला शंभरात सुमारे बारा माणसे फार त्रासलेली असायला हवीत. २०२१ मध्ये तिथल्या विमान खात्याने नवी पाहणी प्रसिद्ध केली. वीस विमानतळांजवळची दहा हजारांहून जास्त माणसे. त्याच ६५ ला शंभरात साठहून अधिक माणसे म्हणाली की आम्हाला फार त्रास होतो. आकडा जागेवर होता, माणसे बदलली होती. विमाने पूर्वीपेक्षा शांत झाली हे खरे. पण ती कितीतरी वाढली. प्रत्येक विमानाचा आवाज ३ डेसिबलने कमी झाला आणि विमाने दुप्पट झाली, तर सरासरी जिथल्या तिथे राहते. झोप मात्र दुप्पट वेळा मोडते.

कुणी म्हणेल, सवय होते. जरीमरीच्या त्या खोलीत मलाही तसेच वाटले होते. पण शरीराला सवय होत नाही असे दिसते. युरोपात चार विमानतळांजवळ राहणाऱ्या १४० माणसांचा रक्तदाब रात्रभर, ती झोपलेली असताना, मोजला गेला. विमान गेले की तो चढत होता. माणूस जागा झाला नाही तरी चढत होता. सकाळी त्याला विचारले तर तो म्हणेल, छान झोपलो.

मुलांचे तर अधिकच. जर्मनीत म्यूनिक शहराचा जुना विमानतळ मे १९९२ मध्ये बंद झाला आणि दुसरीकडे नवा सुरू झाला. संशोधकांनी ही संधी साधली आणि दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांना आधी आणि नंतर तपासले. जुन्या जागी आवाज थांबल्यावर मुलांचे वाचन आणि स्मरण सुधारले. नव्या जागी ते बिघडले. गावाचे नशीब जणू एका रात्रीत अदलाबदल झाले. मुलांना कुणी काही विचारले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी सुचवलेली विमानांच्या आवाजाची मर्यादा दिवस-रात्र मिळून ४५ आणि रात्रीसाठी ४० आहे. त्याच वर्षी आपल्याकडे ७० आणि ६५ ठरले. दोन्हींची मोजायची रीत अगदी एक नाही, तरी अंतर डोळ्यांत भरते.

आता खरा प्रश्न. विमाने बंद करा असे मी म्हणणार नाही, आणि मावशीही म्हणत नाहीत. आखातात कामाला गेलेले मुलगे विमानानेच घरी येतात. पूर्वी तर आपल्या विदर्भाच्या आभाळातच एक नवल चाले. १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमाने दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघत, मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि उजाडायच्या आत परत जात. या शहरांत पत्र दुसऱ्या दिवशी हातात पडे. केवढी सोय! सोनेगावच्या विमानतळाजवळ झोपलेल्यांचा हिशेब त्या टपालखर्चात कुठे धरला होता, हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचला नसेल.

लाखोंची सोय आणि थोड्यांचा त्रास, बेरीज-वजाबाकी केली तर सोयच जिंकणार. उपयुक्ततावाद म्हणून हे तत्त्वज्ञान आम्हाला शिकवले गेले. पण आपण ख्रिस्ती माणसे या हिशेबाला थोडे घाबरतो, कारण तो आपण आधी एकदा ऐकला आहे. एकाचे गेले तर सगळ्यांचे वाचते, असा सल्ला कयफाने धर्मसभेत दिला होता, आणि हिशेब म्हणून त्यात चूक काढणे अवघड होते.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारातून आलेले एक तत्त्व शिकवतात, दुहेरी परिणामाचे. एका कृतीचे दोन परिणाम होतात, एक चांगला आणि एक वाईट. चांगला हेतूने केलेला असेल, वाईट परिणाम दिसत असला तरी इच्छिलेला नसेल, आणि चांगला पुरेसा मोठा असेल, तर ती कृती करता येते. वैमानिकाला कुणाची झोप मोडायची नसते. प्रवाशालाही नसते. म्हणजे सगळे सुटले! विद्यार्थी असताना मला हे तत्त्व फार सोयीचे वाटायचे, आणि म्हणूनच त्याचा संशय यायचा. नंतर मायकल वॉल्झर या अमेरिकन विचारवंताचे म्हणणे वाचले. युद्धाविषयी १९७७ मध्ये लिहिताना त्याने आणखी एक अट घातली: वाईट परिणाम इच्छिला नाही एवढे पुरत नाही, तो कमी करण्यासाठी तुम्ही स्वतः काही झीज सोसली पाहिजे. 'मला नको होते' असे म्हणणाऱ्याने त्यासाठी काय मोजले, हे विचारायचे.

ही अट लावली की चित्र बदलते. जर्मनीत विमानतळाजवळच्या घरांना आवाज अडवणाऱ्या खिडक्यांचा खर्च कायद्याने मिळतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर दोन धावपट्ट्या दुपारी तीन वाजता आलटून-पालटून वापरतात, म्हणजे उतरत्या विमानांखालच्या वस्त्यांना अर्धा दिवस तरी विसावा मिळतो, आणि कोणता अर्धा ते आधी ठाऊक असते. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, तिथे हे तसेच्या तसे जमणार नाही. आणि जरीमरीतल्या पत्र्याच्या खोलीला जाड काचेची खिडकी बसवून काय होणार? आवाज पत्र्यातून येतो, आणि मे महिन्यात खिडकी बंद करून राहणार कोण?

पण एक गोष्ट मला विशेष लागली. फ्रँकफर्ट विमानतळावर २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच ठरलेली उड्डाणे बंद आहेत. रहिवासी न्यायालयात गेले आणि जिंकले. हीथ्रोवर रात्रीच्या विमानांची वर्षाची संख्या बांधून दिलेली आहे. चांगलेच झाले. पण युरोपात पहाटेनंतर उतरायचे असेल तर आपल्याकडून केव्हा निघावे लागते? मध्यरात्रीनंतर. मुंबईहून युरोपला जाणारी कितीतरी विमाने रात्री एक-दोन-तीनच्या सुमाराला सुटतात, त्याचे हे एक कारण आहे. तिकडच्या माणसांनी हक्काने मिळवलेली झोप काही अंशी सहार आणि कुर्ल्याच्या झोपेतून वळती होते. मी स्वतः एकदा अशाच रात्री दोनच्या विमानाने गेलो आहे. विमान उचलले तेव्हा मी खिडकीतून खालचे दिवे पाहत रोझरीची प्रार्थना म्हणत होतो. खाली कुणी झोपले असेल हे मनात आले नाही. माझ्या प्रार्थनेचा आवाज खाली गेला नाही, इंजिनाचा गेला.

'मग तिथे राहता कशाला?' हा प्रश्नही नेहमीचा आहे. मुलीला मीही विचारला होता. रुग्णालयाजवळ तेवढ्या भाड्यात दुसरी खोली नाही, हे तिचे उत्तर. ती तरी नंतर आली. पण सहारचे गावठाण, मरोळ, कोलेकल्याण ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची जुनी गावे विमानतळाच्या कितीतरी आधीची. भातशेती होती, क्रूस होते, विहिरी होत्या. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला लष्कराची धावपट्टी आली आणि मग ती वाढतच गेली. त्यांच्या बाबतीत आवाजच राहायला आला. आता नवी मुंबईत तीच गोष्ट नव्याने सुरू होते आहे. दहा गावांची जागा गेली, उलव्याचा डोंगर सुरुंगांनी फोडला, नदी वळवली, आणि २५ डिसेंबर २०२५ रोजी, आपल्या नाताळच्या दिवशी, तिथून पहिली प्रवासी विमाने उडाली. आजूबाजूला नवी घरे विकली जात आहेत, आणि विमानतळ जवळ आहे ही त्यांची मोठी जाहिरात.

दुसऱ्याच्या आवाजाविषयी लिहिताना आपल्याही आवाजाकडे पाहावे लागते. सणाला आपल्या चर्चवर लावतो तो भोंगा गेल्या वर्षी मी आतल्या बाजूला वळवून घेतला. समोरच्या घरात एक आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत. सात वर्षांत त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, त्यामुळे त्रास होत नसणार असे मी धरून चाललो होतो. वरातीच्या डीजेविषयी मग केव्हातरी लिहीन, ते प्रकरण मोठे आहे.

मावशींकडे परत येतो. लेकीचा फोन रोज रात्रपाळीला निघण्यापूर्वी येतो. बोलता बोलता मुलगी "थांब आई" म्हणते, आणि दोघी गप्प होतात. मी मुंबईहून आल्यावर मावशींना सांगितले होते की तिकडे आवाज मोजायची यंत्रे असतात. त्यावर त्यांनी स्वतःच मोजायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर आहे. फोन चालू असताना जितक्या वेळा लेक थांबते तितक्या रेघा त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने ओढतात. मी ते पाहिले तेव्हा मला दुसऱ्यांदा हसू आले, आणि दुसऱ्यांदा माझी चूक झाली.

कारण हेच माप ऑस्ट्रेलियाने अधिकृतपणे स्वीकारले आहे. सिडनीत १९९४ मध्ये तिसरी धावपट्टी सुरू झाली. सरकारने सरासरीचे नकाशे आधी दाखवले होते, आणि नकाशातल्या रेघेबाहेर राहणाऱ्या लोकांनी साहजिकच समजून घेतले की आपल्याकडे आवाज येणार नाही. आवाज आला. लोक भडकले, संसदेच्या समितीपुढे गेले. चूक गणिताची नव्हती. त्या आकड्यातून माणसाला त्याच्या घरात काय ऐकू येईल ते कळतच नव्हते. २००० साली तिथल्या वाहतूक खात्याने सुचवले की लोकांना त्यांच्या भाषेत सांगा: तुमच्या घरावरून दिवसाला किती विमाने ७० डेसिबलच्या वर आवाज करत जातील, केव्हा जातील, आणि कोणत्या वेळी मुळीच जाणार नाहीत. ७० च का? कारण बाहेर ७० असले की उघड्या खिडकीच्या घरात साधारण ६० पोचतात, आणि तेवढ्या आवाजात फोनवर बोलणाऱ्याला थांबावे लागते.

मावशींना मी हे सगळे सांगितले नाही. एवढेच सांगितले की तुम्ही मोजता ते बरोबर मोजता. काही रात्री आकडा चार असतो, काही रात्री नऊ. मुलीने दिवसपाळीसाठी अर्ज केला आहे, अजून उत्तर आलेले नाही. परवा मावशी कॅलेंडरची दोन पाने घेऊन आल्या, रेघांनी भरलेली. म्हणाल्या, "हे कोनाले दाखवाव, फादर?"

पाने माझ्याकडेच आहेत, मिस्साच्या वहीत, त्याच हेतूच्या पानावर ठेवलेली. आपल्यापैकी कुणाला या बाबतीत कुठे अर्ज करावा, कुणाला भेटावे याची माहिती असेल, तर रविवारी मिस्सानंतर मला जरूर भेटा. मावशी मागच्या बाकावर बसतात.

आपला,
फादर